मंत्र्यांना विचारलेला प्रश्न आणि ‘हे खरे नाही’ हे उत्तर

कागदोपत्री

विधिमंडळाचे अधिवेशन संपले की विरोधकांनी सरकारला धारेवर धरल्याच्या बातम्या येतात, परंतु त्या गदारोळातून नेमके कोणते उत्तर हाती लागले, हे त्या बातम्यांतून क्वचितच कळते. निराधारांचे अनुदान, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, रेशन अशा विषयांवरील छापील प्रश्नोत्तरे मी गेली काही वर्षे आवडीने वाचतो. ती वाचून माझे एक मत तयार झाले आहे आणि ते तपासून घेण्यासाठी हा धागा काढत आहे. विरोधी आमदाराचा आवाज किती चढला यावर प्रश्नाचे यश ठरत नाही. मंत्र्यांना एका ओळीत सुटका करून घेता येणार नाही असा तो बांधला होता की नाही, यावर ते ठरते.

आपल्याकडच्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. अमुक ठिकाणी अमुक गैरप्रकार झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय व त्यात काय आढळून आले. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचा साचाही तितकाच पक्का आहे. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असे म्हटले, की पुढच्या दोन्ही भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढे लिहून विषय संपतो. पहिल्या भागात एखादा तपशील जरी चुकीचा किंवा वादग्रस्त राहिला, तरी त्या एका फटीतून संपूर्ण प्रश्न वाहून जातो. फार तर ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर येते. पण कोणता अंश खरा, हे शोधण्याचे काम विचारणाऱ्यावरच राहते.

कुपोषणाचे उदाहरण घ्या. मेळघाटातील बालमृत्यूंचा प्रश्न १९९०च्या दशकापासून सभागृहात येतो आहे आणि मुंबई उच्च न्यायालयातही त्यावर वर्षानुवर्षे सुनावणी होत आली आहे. ‘कुपोषणामुळे इतकी बालके दगावली, हे खरे आहे काय’ असे विचारले, की ती बालके न्यूमोनिया, जन्मतः कमी वजन किंवा जंतुसंसर्ग यांसारख्या कारणांनी दगावल्याचे उत्तर ठरलेले असते. कागदावर ते खोटे नसते, कारण मृत्यूच्या नोंदीत आजाराचे नाव येते, उपासमारीचे येत नाही. याउलट, अमुक महिन्यात अमुक तालुक्यात तीव्र कुपोषित, म्हणजे अंगणवाडीच्या भाषेत सॅम श्रेणीतील, किती बालके नोंदली गेली, त्यांपैकी किती बालके ग्राम बाल विकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झाली आणि त्या काळात तालुक्यातील वैद्यकीय अधिकाऱ्यांची किती पदे रिक्त होती, असे विचारले तर ‘हे खरे नाही’ म्हणायला जागाच उरत नाही. तेथे आकडा द्यावा लागतो किंवा आकडा नसल्याचे कबूल करावे लागते.

ही रीत काही नवी नाही. १८९२च्या कायद्याने कायदेमंडळातील सभासदांना प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला, पण उपप्रश्न विचारण्याची मुभा १९०९च्या सुधारणांपर्यंत नव्हती. अशा बांधलेल्या हातांनी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२च्या अर्थसंकल्पावर बोलताना सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले आणि तिजोरीतील शिल्लक ही रयतेच्या सुबत्तेची खूण नसून तिच्यावरील जादा कराची खूण आहे, हे दाखवून दिले. मिठावरील कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३मध्ये दोन रुपयांवर आणि टप्प्याटप्प्याने १९०७पर्यंत एका रुपयावर आला. त्याचे सारे श्रेय एका भाषणाला देता येणार नाही. तरीही आकड्यावर बोट ठेवून विचारलेल्या प्रश्नाला परके सरकारही टाळू शकले नाही, एवढे यातून नक्कीच दिसते.

तेव्हा आपण सर्वांनी मिळून सामाजिक साहाय्याच्या एखाद्या योजनेवर असा प्रश्न बांधून पाहावा, अशी विनंती आहे. चांगला उतरला तर ज्याने त्याने तो आपापल्या आमदारांना द्यावा, मग ते कोणत्याही बाकावरचे असोत.

सभात्याग

आपला मुद्दा पटण्यासारखा आहे, पण आपण जी इच्छाशक्ती गृहीत धरली आहे ती मला कुठेच दिसत नाही. विरोधात असताना ज्या योजनेच्या थकबाकीवर पायऱ्यांवर बसून घोषणा दिल्या जातात, त्याच योजनेचे खाते हाती आले की तेच नेते ‘माहिती घेण्यात येत आहे’ असे उत्तर वाचून दाखवतात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जवळजवळ सर्वच प्रमुख पक्ष दोन्ही बाजूंना बसून झाले आहेत. त्यामुळे कोणालाही समोरच्याची कोंडी फार करायची नसते. कॅमेऱ्यासाठी फलक फडकवणे सोपे असते, तालुकानिहाय विवरणपत्र मागणे कंटाळवाणे असते.

शिवाय संस्थाही झिजत चालल्या आहेत. सप्टेंबर २०२०च्या अधिवेशनात संसदेने महामारीचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच वगळला. लेखी उत्तरे मिळाली, पण मंत्र्यांना उभे करून उपप्रश्न विचारण्याची सोय राहिली नाही. महाराष्ट्रात २०२४च्या निवडणुकीत २८८ पैकी २९ जागा, म्हणजे प्रथेप्रमाणे लागणारा एक दशांश, विरोधातील एकाही पक्षाला मिळवता आल्या नाहीत आणि २०२५ची तिन्ही अधिवेशने विधानसभेत विरोधी पक्षनेत्याविना पार पडली. १९७८च्या कायद्याने या पदाला वेतन, कर्मचारी आणि दर्जा दिला आहे. तो नुसता मान नव्हे, प्रश्न तयार करणारे कार्यालयच त्यातून उभे राहते. कार्यालयच नसेल तर आपला हा नेटका प्रश्न बांधणार कोण?

आणि प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून डिसेंबर २००५मध्ये संसदेने ११ खासदारांना घरी पाठवले होते, हेही विसरू नये. प्रश्नाचे हत्यार गरिबांच्याच हाती असते असे समजण्याचे कारण नाही.

जुना कारकून

मी एका तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत, म्हणजे आमच्या भाषेत ‘संगायो’त, बरीच वर्षे काम केले आहे. त्यामुळे प्रश्न दुसऱ्या टोकाला कसा पोहोचतो, हे सांगू शकतो. अधिवेशन जवळ आले की मंत्रालयातून जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तेथून आमच्याकडे ‘अतितात्काळ’ असा शिक्का मारलेले पत्र येते. कार्यालयात त्याला कोणी तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो प्रश्न, म्हणत नाही. ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) आला, एवढे म्हटले की सगळे समजतात. दुपारपर्यंत माहिती द्या, असा निरोप असतो. आमच्या माहितीवरून जिल्हा आपली माहिती करतो, तिच्यावरून मंत्रालयातील कक्ष अधिकारी उत्तराचा मसुदा आणि मंत्र्यांसाठी टिपणी तयार करतात आणि मग ती फाईल उपसचिव, सचिव असे करत मंत्र्यांपर्यंत चढते. उपप्रश्न काय येतील याचा अंदाज बांधून ती टिपणी लिहिलेली असते. अनुभवी मंत्री छापील उत्तरापेक्षा टिपणीच बारकाईने वाचतात.

आता खरे सांगतो. ‘निराधारांचे अनुदान वेळेवर मिळत नसल्याने लाभार्थ्यांत तीव्र असंतोष आहे, हे खरे आहे काय’ असा प्रश्न आला की कार्यालयात कोणाचीही झोप उडत नाही. असंतोष मोजता येत नाही. ‘अनुदान प्राप्त होताच नियमितपणे वितरित करण्यात येते’ हे वाक्य तयारच असते आणि त्यातील ‘प्राप्त होताच’ या दोन शब्दांत सगळी थकबाकी मावते. धास्ती बसते ती तारखांची. तालुका समितीची शेवटची बैठक कोणत्या दिनांकास झाली, त्या दिवशी किती अर्ज प्रलंबित होते, सर्वांत जुना प्रलंबित अर्ज कोणत्या तारखेचा आहे, असे कोणी विचारले की नोंदवही काढावीच लागते. सभागृहाला चुकीची माहिती दिली तर हक्कभंगाची भीती असते आणि ती भीती सचिवांपासून खाली झिरपत कारकुनाच्या टेबलापर्यंत येते. असा प्रश्न आला म्हणून घाईघाईने बैठक लावून, उत्तर जाण्याआधी अर्ज निकाली काढलेले मी पाहिले आहेत. म्हणजे उत्तर यायच्या आतच प्रश्नाने काम केलेले असते. याची बातमी कुठेच होत नाही.

सभात्याग यांच्या निराशेशी मी सहमत नाही, ते यामुळे. आमदाराचा हेतू काय होता याच्याशी खालच्या कार्यालयाला देणेघेणे नसते. पत्रावर काय विचारले आहे, एवढेच ते पाहते.

पुरवणी

कारकूनसाहेबांचा प्रतिसाद फार आवडला. विरोधी बाक आणि हेतू यांविषयी एक भर घालते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काळात सरकारला सर्वांत महागात पडलेली विचारणा विरोधी पक्षाने केलेली नव्हती. आयुर्विमा महामंडळाचा पैसा हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांच्या समभागांत का गुंतवला गेला, हा विषय १९५७मध्ये लोकसभेत फिरोझ गांधी यांनी लावून धरला आणि ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार होते. त्यातून न्यायमूर्ती छागला यांची चौकशी बसली आणि १९५८च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. आजही आपल्या विधानसभेच्या प्रश्नांच्या यादीत सत्ताधारी आमदारांची नावे भरपूर असतात. फक्त उपप्रश्नाच्या वेळी त्यांचा सूर ‘मंत्रिमहोदयांचे अभिनंदन करून विचारतो’ असा लागतो.

दुसरे उदाहरण मृणाल गोरे यांचे. गोरेगावच्या पाण्यासाठी झगडल्यामुळे लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले, महागाईविरुद्धच्या लाटणे मोर्चाने त्या गाजल्या. पण सभागृहातील त्यांचे काम मला अधिक मोलाचे वाटते. गर्भलिंग चाचणीचा विषय त्यांनी आमदार म्हणून नेटाने लावून धरला आणि अशा चाचण्यांवर निर्बंध घालणारा कायदा १९८८मध्ये देशात प्रथम महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडले. रस्त्यावरचा मोर्चा मंत्र्याला आपल्याकडे पाहायला लावतो, पण त्याच्याकडून तारीख वदवून घेण्याचे काम सभागृहातच होते, आणि ज्यांना दोन्ही साधते असे लोक कोणत्याही पक्षात थोडेच असतात.

आश्वासन समितीचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. ‘तपासून पाहू’, ‘विचाराधीन आहे’, ‘सकारात्मक निर्णय घेऊ’ अशी वाक्ये ऐकून आपण हसतो. परंतु संसदीय पद्धतीत अशा कित्येक वाक्यांची आश्वासन म्हणून नोंद होते. लोकसभेत १९५३पासून यासाठी समिती आहे आणि दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पुरे करावे, असा दंडक आहे; आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती काम करते. मुदतवाढ मागण्याची पळवाट आहे हे खरे, पण मुदतवाढ मागावी लागते म्हणजे कागद जिवंत राहतो. विरोधी सदस्याने गोंगाट करण्यापेक्षा ‘हे आश्वासन समजावे काय’ असे अध्यक्षांना विचारून बसावे. उत्तर अगदीच अपुरे असेल तर प्रश्न राखून ठेवण्याची विनंती करता येते आणि मंत्र्याला तो पुन्हा घ्यावा लागतो. अर्धा तास चर्चेचे साधनही आहेच. सभात्याग करून बाहेर पडलेल्या सदस्याला यातले काहीच करता येत नाही. प्रतिसादकाच्या नावाबद्दल क्षमस्व.

तळटीप

एक छोटी भर. २००५च्या माहिती अधिकार कायद्यात, जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे एक परंतुक होते. लाभार्थ्यांच्या याद्या मागताना कार्यकर्ते त्यावर भर देत. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने नेमके तेच कलम बदलले आहे. सामान्य माणसाचा मार्ग जितका अरुंद होईल तितके आमदाराच्या प्रश्नाचे महत्त्व वाढेल, म्हणून हा धागा योग्य वेळी आला आहे.

कागदोपत्री

सर्वांचे आभार. सभात्याग, विरोधी पक्षनेत्याच्या कार्यालयाविषयीचे आपले म्हणणे मान्य आहे. परंतु त्याचा निष्कर्ष मला उलटा वाटतो. कार्यालय नसेल तर प्रश्न बांधून देण्याचे काम बाहेरच्यांनी अधिक करायला हवे.

आता मसुद्याकडे वळतो. विषय म्हणून मी उत्पन्नाची अट निवडली आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८०पासून चालू आहे आणि तिचे मासिक अनुदान २०२३मध्ये एक हजारावरून १,५०० रुपये झाले. रक्कम वाढली, पण पात्रतेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २०२४-२५मध्येही २१,००० रुपयेच होती. दिव्यांगांसाठी ती अधिक आहे, तो भाग येथे सोडून देतो. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. त्याच वर्षी रोजगार हमीचा राज्यातील दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे कुटुंबाने वर्षात ७१ दिवस रोजगार हमीवर काम केले, तर २१,०८७ रुपये होऊन ते निराधार योजनेच्या मर्यादेबाहेर जाते. आणि कायद्याने तर त्याच कुटुंबाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली होती. सरकारनेच हमी दिलेले काम पुरेपूर केल्यास सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून नाव कमी होते, ही विसंगती कोणत्याही एका पक्षाची नाही. अनेक सरकारांनी ती वारसाहक्काने पुढे चालवली आहे.

मसुदा असा: संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, हे खरे आहे काय, असल्यास, ही मर्यादा कोणत्या दिनांकाच्या शासन निर्णयाने निश्चित करण्यात आली, रोजगार हमी योजनेखाली १०० दिवस काम केलेल्या कुटुंबाचे त्या कामाचे उत्पन्न या मर्यादेपेक्षा अधिक होते, हे खरे आहे काय, असल्यास, मर्यादा सुधारित करण्याबाबत कोणती कार्यवाही करण्यात आली वा येत आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?

सभात्याग

मसुदा उत्तम आहे हे मोकळेपणाने मान्य करतो. पण याला उत्तर काय येईल, तेही आताच सांगून ठेवतो: ‘बाब शासनाच्या विचाराधीन आहे.’ आणि निधीचा विषय निघाला की केंद्राकडे बोट दाखवले जाईल. ते बोट अगदीच अस्थानी नाही, कारण राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा ८० वर्षांखालील व्यक्तींसाठी २००७पासून महिन्याला २०० रुपयांवरच थांबलेला आहे. विधानसभेत राज्याच्या विरोधकांनी विचारायचे आणि राज्याने दिल्लीकडे पाहायचे. लोकसभेत तेथील विरोधकांनी विचारायचे आणि केंद्राने राज्यांना आपला हिस्सा वाढवण्याचा सल्ला द्यायचा. हे चालूच राहणार.

जुना कारकून

म्हणूनच केंद्राचा हिस्सा या प्रश्नात आणूच नये. मर्यादा ठरवणे राज्याच्या हातात आहे, तेवढ्यावरच थांबावे. मसुद्यात दोन बदल सुचवतो. ‘कोणती कार्यवाही’ हे शब्द काढून टाकावेत, कारण ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे’ असे लिहिण्याचे आमंत्रणच त्यातून मिळते. त्याऐवजी, मागील तीन आर्थिक वर्षांत उत्पन्न मर्यादेपेक्षा अधिक असल्याच्या एकाच कारणास्तव किती अर्ज नामंजूर झाले, त्याचे तालुकानिहाय विवरण मागावे. नामंजुरीचे कारण आमच्या नोंदवहीत लिहिलेले असते, त्यामुळे माहिती उपलब्ध नाही असे म्हणता येणार नाही. दुसरे म्हणजे प्रश्नात विशेषणे नाहीत हे चांगले आहे. टीका, उपरोध किंवा मतप्रदर्शन असलेला प्रश्न दाखल होण्याच्या टप्प्यावरच बाद होऊ शकतो. लोकसभेत तर प्रश्नाला १५० शब्दांची मर्यादाही आहे.

पुरवणी

माझीही एक सूचना आहे आणि ती मला सर्वांत टोकदार वाटते. लाडकी बहीण योजनेतही महिन्याला १,५०० रुपयेच मिळतात, पण तेथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. दोन्ही योजना एकाच सरकारच्या, रक्कम एकच आणि मर्यादांत जवळजवळ बारा पटींचे अंतर. यावरून अडीच लाखांची मर्यादा चूक आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण त्या योजनेला वयाची अट २१ ते ६५ वर्षे आहे. वर्षाला ६० हजार रुपये उत्पन्न असलेल्या कुटुंबातील बाईला आज तिचा लाभ मिळतो. तिने पासष्टी ओलांडली की तो थांबतो आणि पुढे तिने वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेकडे जावे तर तेथे पुन्हा २१,००० रुपयांची अट उभी असते. हातपाय चालत असतानाच्या वयात पात्र असलेली बाई म्हातारपणी अपात्र ठरते.

तेव्हा शेवटचा भाग असा असावा: वयाची ६५ वर्षे पूर्ण झाल्याने मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा लाभ बंद झालेल्या महिलांची जिल्हानिहाय संख्या किती, त्यांपैकी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा लाभ किती महिलांना मंजूर झाला आणि उत्पन्न मर्यादेमुळे किती महिलांचे अर्ज नामंजूर झाले?

जुना कारकून

ही आकडेवारी आज कोणत्याही एका कार्यालयात तयार मिळणार नाही, कारण एक योजना महिला व बालविकास विभागाची आहे आणि दुसरी सामाजिक न्याय विभागाची. दोन्हींच्या याद्या कोणी एकमेकींशी ताडून पाहिल्या असतील असे मला वाटत नाही. त्यामुळे उत्तर ‘माहिती संकलित करण्यात येत आहे व ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ असेच येईल. पुरवणीताईंनी वर सांगितल्याप्रमाणे, त्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी आणि पुढच्या अधिवेशनात पहिला प्रश्न तिच्यावर टाकावा. मसुदा सोमवारी मी आमच्या मतदारसंघाच्या आमदारांच्या स्वीय सहायकाकडे देत आहे. इतरांनी आपापल्या भागात द्यावा, म्हणजे एकाच प्रश्नावर अधिक सदस्यांची नावे येतील.